कुंडलिकनानांचं चूलबंद आवतण

आमच्या गावात लग्नाची पहिली बातमी कुंडलिकनानांच्या हनुवटीवरून कळते. नाना एरवी फक्त रविवारी दाढी करतात. मधल्याच एखाद्या वारी ते गुळगुळीत गालांनी आणि कडक इस्त्रीची पांढरी टोपी घालून पाराजवळून जाताना दिसले, की बायका एकमेकींना विचारतात, "कुणाचं गो ठरलं?" गेली कित्येक वर्षं गावातल्या प्रत्येक लग्नाचं आवतण नाना देत आले आहेत. पत्रिका छापल्या जातात, मोबाइलवर नवरानवरीच्या चित्रफिती फिरतात. पण नाना दारात येऊन सांगून गेल्याशिवाय आपल्याला बोलावणं आलं असं आमच्याकडे कुणी धरत नाही.

आवतणाचे दोन प्रकार आहेत. तेराव्याला किंवा गावकीच्या बैठकीला 'घरटी एक' असतं. त्या वेळी नाना उंबऱ्याबाहेर उभे राहून कर्त्या माणसाला निरोप सांगतात आणि पुढच्या घराकडे वळतात. लग्नाला मात्र 'चूलबंद' असतं. त्या दिवशी त्या घरात चूल पेटवायची नाही; म्हातारी माणसं, तान्ही मुलं, माहेरी आलेली लेक, दोन दिवसांसाठी उतरलेला पाहुणा, सगळ्यांनी लग्नघरी जेवायचं. नाना आले की घरची बाई चुलीवरचं भांडं खाली उतरवते. नाना टोपी सारखी करून आत जातात आणि खिशातल्या पुरचुंडीतले चार तांदूळ चुलीच्या कडेवर ठेवतात. माणसांची नावं घेत बसण्यापेक्षा चुलीलाच सुट्टी दिली, म्हणजे कुणाला विसरल्याचं बालंट येत नाही, असा त्यामागचा विचार असावा. गॅस आल्यावर तांदूळ दोन बर्नरांच्या मधल्या जागेत जाऊ लागले. एका घरात फक्त विजेची शेगडी होती, तेव्हा नानांनी "हिच्यावर भात शिजतो ना?" अशी खात्री करून घेतली आणि मगच पुरचुंडी सोडली.

या कामाचं ते काही घेत नाहीत. उरलेल्या वेळात ते भातशेती करतात, असं चंद्रकलाकाकी, म्हणजे त्यांच्या पत्नी, सांगतात. त्यातूनही वेळ उरला तर मुंबईच्या एका साहेबांच्या फार्महाउसवर जाऊन ते लॉनला पाणी घालतात. गुरांनाही चरू द्यायचं नाही अशा गवताला पाणी घालण्याचा पगार मिळतो, ही गोष्ट नानांना अजून पुरती पटलेली नाही. पण महिन्याच्या महिन्याला पगार मिळतो, त्यामुळे त्यांनी वाद घातलेला नाही.

आमचं गाव सापगाव सोडून मुरबाडच्या दिशेला निघालं की आत वळल्यावर लागतं. त्याच्या शिवारातून नवा महामार्ग गेला. आखणीत वरच्या आळीची शेतं गेली आणि खालच्या आळीची वाचली. 'वाचली' हा शब्द तेव्हा फार आनंदाने वापरला गेला. खालच्या आळीने गावदेवीला नारळ फोडले, आणि वरच्या आळीतले लोक तोंडं पाडून बसले. पुढे मोबदला आला, वरच्या आळीत दुमजली घरं उभी राहिली, गच्चीवर रंगीत दिव्यांच्या माळा लागल्या, आणि वाचणं म्हणजे नक्की काय हे खालच्या आळीला समजलं. तिकडची मुलं आता महामार्गाच्या कडेच्या गोदामांत कंत्राटावर खोकी उचलतात. नानांचं शेत रस्त्याच्या पलीकडे राहिलं. पूर्वी एक बिडी संपेपर्यंत ते बांधावर पोचत. आता भुयारी वाटेपर्यंत जाऊन, पलीकडून तितकंच परत यावं लागतं. मुंबई जवळ आली आणि शेत लांब गेलं. तालुक्याचं सरासरी उत्पन्न मात्र वाढलं. सरासरीच्या हिशेबाने नानासुद्धा सुखवस्तू झाले आहेत, फक्त तसं त्यांना अजून कुणी कळवलेलं नाही.

महामार्ग येण्याआधी गावात सगळे सारखे होते, असं मात्र समजू नये. नानांचे वडील आवतण देत तेव्हा ते नाल्यापाशी थांबत. पलीकडच्या बुद्धवाडीला ते अलीकडूनच हाक मारून सांगत, आणि वाडीची पंगत सर्वांत शेवटी, वेगळी बसे. वडील गेल्यावर काम नानांकडे आलं. पहिल्याच लग्नाला तेही रीतीप्रमाणे नाल्यापाशी उभे राहून ओरडले. पलीकडे बुधाजी उभा होता. शाळेत दोघं एका बाकावर बसलेले. बुधाजीने कानामागे हात धरला.

"काय म्हणतोस? ऐकू नाय येत."

नाना आणखी मोठ्याने ओरडले.

"नाय येत रे! इकडं येऊन सांग."

बुधाजीचे कान शाबूत आहेत, हे लक्षात यायला नानांना थोडा वेळ लागला. मग त्यांनी वहाणा हातात घेतल्या आणि नाला ओलांडला. बुधाजीची बायको गोजाबाई तेव्हा नवी नवरी होती. तिने चुलीवरचं भांडं उतरवलं, नानांच्या हातातल्या लालपिवळ्या अक्षतांकडे पाहिलं आणि म्हणाली, "भाऊ, हळदकुंकू आमाला नको. कोरा तांदूळ असंल तर ठेवा." कोरा तांदूळ नव्हता. तो तिनेच आपल्या डब्यातून काढून दिला. तेव्हापासून नानांच्या डाव्या खिशात अक्षतांची पुरचुंडी असते आणि उजव्या खिशात कोऱ्या तांदळांची. वरच्या आळीतल्या वडीलधाऱ्यांनी याबद्दल नापसंती दाखवली, तेव्हा नानांनी टोपी काढून त्यांच्यापुढे ठेवली आणि उद्यापासून कुणीही हे काम घ्यावं, असं सांगितलं. उन्हातान्हात घरोघर फिरण्याची तयारी कुणाचीच नव्हती, म्हणून टोपी परत मिळाली. पंगत एक व्हायला त्यानंतरही बरीच लग्नं जावी लागली.

तर अशा गावात जयरामच्या मुलीचं लग्न ठरलं.

जयराम वरच्या आळीतला. त्याची जमीन महामार्गाच्या वळणात अशी सापडली की गावात सर्वांत मोठा बंगला त्याचा झाला. त्याआधी तो सायकलला कॅन लावून दूध घालत असे. माणूस वाईट नव्हता. पण पैसा इतक्या घाईने आला होता की त्याच्याबरोबर कसं वागायचं हे ठरवायला त्याला वेळ मिळाला नव्हता. मुलगी दिपिका शिकलेली, नवरामुलगा कल्याणचा. लग्न संध्याकाळी, शहापूरजवळच्या एका लॉनवर. बंगल्याच्या दिवाणखान्यात जयरामने नानांना सोफ्यावर बसवलं.

"नाना, आवतण तुमीच द्यायचं. पण या टायमाला जरा वेगळं हाय. वरच्या आळीला चूलबंद. खालच्या आळीला न् वाडीला घरटी एक."

नाना सोफ्यातून शक्य तितके वर आले. "कोण गेलं?"

"कोण नाय गेलं. लग्नाचंच सांगतोय."

"मग घरटी एक कशाला रे?"

"तिकडं पंगत नसते, नाना. प्लेटवर असतं सगळं. किती माणसं ते आधी सांगायला लागतं. बाहेरचे पाहुणे हायेत, प्लॉटवाले हायेत, मोठी मोठी लोकं. त्यांचं जेवण पडद्याच्या आत ठेवलंय, आपलं बाहेर."

"आपलं म्हणजे तुझं कुठं?"

जयरामने जरा विचार केला. "मी आतबाहेर करीन."

नानांच्या मनात नाही म्हणायचं होतं. पण मुलीचं लग्न होतं, आणि मुलीच्या लग्नात मोडता घालायचा नसतो. ते "बरं" म्हणाले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, मंगळवार असूनही, दाढी करून निघाले.

वरची आळी नेहमीप्रमाणे झाली. मग अवघड काम आधी उरकावं म्हणून नाना खालची आळी ओलांडून सरळ वाडीकडे गेले. वाटेत ते पुटपुटत होते, "घरटी एक, उंबऱ्याबाहेर, घरटी एक, उंबऱ्याबाहेर." पण नाना नाल्यावर असतानाच गोजाबाईने त्यांना पाहिलं होतं. गुळगुळीत हनुवटी आणि टोपी दिसताच तिने तवा खाली उतरवला होता, आणि तव्यावरची भाकरी अर्धी कच्ची होती.

नाना उंबऱ्याबाहेर थांबले. "जयरामच्या दिपिकाचं लग्न हाय. घरटी एक या."

"बरं, बरं. आत या आदी. भाकरी वाया चाललीय."

"गोजाबाई, घरटी एक."

"आवो, ऐकलं. या की आत, तवा थंड होतोय."

आता तवा उतरवून वाट पाहणाऱ्या बाईसमोर नाना आजवर कधी बाहेर थांबलेले नव्हते. त्यांचे पाय आत गेले, हात उजव्या खिशात गेला, आणि ते भानावर आले तेव्हा कोरे तांदूळ चुलीच्या कडेवर होते. ते तिच्यादेखत उचलून पुन्हा खिशात घालणं कुठल्याही शिष्टाचारात बसत नव्हतं. तोंडाने घरटी एक सांगून झालं होतं आणि हाताने चूल बंद केली होती. गोजाबाईने हाताचं ऐकलं.

"आमी सगळी येतो," ती म्हणाली. "आमच्या पोरालाबी, महेंद्रला, सुट्टी काढायला सांगते." आणि मग भिंतीकडे तोंड करून शेजारणीला ओरडली, "रत्नप्रभा, तवा उतरव गो! कुंडलिकभाऊ आलेत!"

रत्नप्रभाचा तवा उतरला. त्या घरी नाना काही क्षण बाहेर घुटमळले, पण शेजारी ठेवून इथे कसे न ठेवायचे? तिसऱ्या घरी ते घुटमळलेही नाहीत. वाडी पूर्ण झाल्यावर प्रश्न आला खालच्या आळीचा. वाडीला चूलबंद आणि खालच्या आळीला घरटी एक, हे तर जयरामनेही सांगितलं नव्हतं. आणि खालच्या आळीने काय घोडं मारलं होतं? दिवेलागणीच्या आधी गावातली प्रत्येक चूल जयरामच्या मुलीच्या लग्नासाठी बंद झाली होती.

घरी येऊन त्यांनी चंद्रकलाकाकींना सांगितलं, "आज हात चुकला."

"एका घरी चुकला असंल," काकी म्हणाल्या. "बाकीच्या घरात काय झालं?"

"बाकीच्या घरात नाय चुकला."

दुसऱ्या दिवशी ते स्वतःच जयरामकडे गेले आणि सगळं सांगितलं. जयराम आधी हसला, मग नाना हसत नाहीत हे पाहून लाल झाला. "आवो, एवढ्या माणसांचं तिकडं सांगितलेलं नाय! लोकं ताटं हातात घेऊन उभी राहतील, माझी लाज जाईल. परत जा न् सांगा, घरटी एक."

दिलेलं आवतण परत कसं घ्यायचं, याची रीत नानांना कुणी शिकवली नव्हती, कारण तशी रीतच नव्हती. तरी ते गेले. सुरुवात जिथे चूक झाली तिथूनच करणं त्यांना न्याय्य वाटलं.

"गोजाबाई, काल मी ते तांदूळ ठेवले..."

"हा."

"ते परत पायजे होते."

गोजाबाईने कमरेवर हात ठेवला. "ते कोंबडीने खाल्ले. कोंबडी देऊ?"

आतून, खाटेवरून, बुधाजीचा आवाज आला. तो रेल्वेतून निवृत्त झाल्यापासून बहुतेक मतं खाटेवरूनच देतो. "दे, दे, कोंबडी दे त्याला. न् जयरामला सांग, तुझं आवतण उद्यापासून अंडी घालंल!"

गोजाबाई इतकी हसली की शेजारून रत्नप्रभा डोकावली, आणि तिला कारण कळल्यावर तीही हसली. नानाही थोडे हसले. मग बुधाजी खाटेवरून उठून बाहेर आला आणि त्यांच्याजवळ बसला.

"कुंडलिक, एका जेवणाने आमी जाड होत नाय न् बारीकबी होत नाय. नको असंल तर नाय येत. पण तू दारोदार हेच सांगत फिरशील, तर पुढच्या लग्नाला तुला बघून कोण तवा उतरवंल?"

नाना उठले. पुढच्या घरी ते गेलेच नाहीत. नाला ओलांडून सरळ बंगल्यावर आले. जयराम फोनवर फुलवाल्याशी भांडत होता. मांडवाला जांभळी फुलं सांगितली होती आणि फुलवाला पिवळ्यावर अडून बसला होता.

"जयराम, आवतण परत मिळत नाय."

"काय म्हणजे परत मिळत नाय?"

"नाय देत कोण."

जयरामने फोनवर हात ठेवला. "मग तुमीच घाला सगळ्यांना जेवायला!"

"घालतो," नाना म्हणाले आणि निघाले.

विषय संपला, असं दोघांनाही वाटलं. जयराम पुन्हा फुलांकडे वळला. नाना घरी जाऊन कणगीचं झाकण उघडून बसले.

कणगीत वर्षाचा तांदूळ होता. चंद्रकलाकाकी दारात उभ्या राहून पाहत होत्या. त्यांचं नंतरचं भाषण मला त्यांनीच पुन्हा ऐकवलं आहे, आणि त्यात कुठे काही सौम्य केलं असेल असं वाटत नाही.

"पोरगी कोणाची? जयरामची. बंगला कोणाचा? जयरामचा. न् भात कोणाचा शिजणार? आमचा! रस्त्याने शेत पलीकडं नेलं, आता राहिलेला भात तुमी वाटून टाका. मग आपण दोघं सायबाच्या लॉनवर चरायला जाऊ."

"माझ्या शब्दावर लोकांनी चूल बंद केलीय गो. पोरं उपाशी राहिली तर मी कोणाच्या दारात उभा राहू?"

काकींनी कणगीत वाकून पाहिलं. मग त्यांनी सुपात तांदूळ घेऊन पाखडायला सुरुवात केली, आणि पाखडता पाखडता स्वतःशीच म्हणाल्या, "वाल आज भिजत घातले तर मोड येतील."

लग्न संध्याकाळचं होतं, म्हणून जेवण दुपारी, नानांच्या खळ्यावर, असं ठरलं. नानांनी गावाला इतकंच कळवलं की जेवणाची जागा आणि वेळ बदलली आहे. पण अशी गोष्ट गावात झाकून राहत नाही. खालच्या आळीतून प्रत्येक घराने आपापल्या मापाने तांदूळ आणला. वाडीतून वांगी आणि सरपण आलं. गावकीची मोठी पातेली निघाली. वरच्या आळीतली काही लग्नं लॉनवर गेल्यापासून ती माळ्यावर पडून होती आणि त्यांत एका मांजरीने संसार मांडला होता. मांजरीची सोय दुसरीकडे करण्यात आली. वरच्या आळीतले लोकसुद्धा काही ना काही घेऊन येऊन गेले, मात्र जयरामला कळू नये याची काळजी घेत. जयराम तेव्हा पिवळ्या फुलांत पुरता अडकला होता.

आणि मग नानांच्या लक्षात आलं की गावात एक चूल अजून बंद व्हायची राहिली आहे. आजवर त्या घराला आवतण द्यायचा प्रश्न नव्हता, कारण ते लग्नघर होतं. पण जेवण घालणारे आता नाना होते.

लग्नाच्या आदल्या दिवशी ते पुन्हा दाढी करून बंगल्यावर गेले. जयराम जिन्याखाली हारांची टोपली तपासत होता. त्याची बायको सरिता स्वयंपाकघरात होती. तिथली शेगडी काचेची, काळी, आरशासारखी गुळगुळीत. तिच्यावर दुधाचं पातेलं होतं.

"जयराम, उद्या दुपारी दिपिकाच्या लग्नाचं जेवण हाय. माझ्या खळ्यावर. चूलबंद."

जयराम टोपली विसरला. "माझ्या पोरीच्या लग्नाचं आवतण मला देता, नाना?"

"तूच म्हणालास ना, तुमीच घाला. घालतोय मी, मग बोलवायला नको?"

"आवो, ते मी रागात बोललो!"

"मी नाय रागात ऐकलं."

हे चाललेलं असताना आत सरिताने दुधाचं पातेलं उतरवून बाजूला ठेवलं होतं. ती मुरबाडकडच्या खेड्यातली. आवतण देणारा दारात दिसला की भांडं उतरवायचं, एवढं तिच्या हातांना लहानपणापासून माहीत होतं. नाना टोपी सारखी करून आत गेले. काचेच्या शेगडीला कड कुठे आहे हे त्यांना समजेना, म्हणून त्यांनी अक्षता मधोमध ठेवल्या. ठेवताना बोट कुठल्याशा खुणेवर पडलं आणि शेगडी बारीक आवाजात वाजली.

"कळलं हिला," नाना म्हणाले.

जिन्यावरून हसण्याचा आवाज आला. दिपिका दोन्ही हातांची मेंदी वाळवत उभी होती. "नाना, आम्ही सगळे येतो हां," ती वरूनच म्हणाली. जयरामने तिच्याकडे पाहिलं, सरिताकडे पाहिलं, आणि पुन्हा टोपलीतले हार मोजल्यासारखं केलं.

त्या दुपारी मी गावात होतो. खळ्यावर आंब्याच्या डहाळ्यांचा मांडव घातला होता. वालाचं बिरडं, वांगी-बटाट्याची भाजी, डाळ, भात आणि गुळाची खीर. वरची आळी, खालची आळी आणि वाडी अशा क्रमाने कुणी बसलं नव्हतं; ज्याला जिथे सावली सापडली तिथे तो बसला होता. जयराम मोटारीतून आला. चालत आला असता तर लवकर पोचला असता, पण नवे बूट होते. त्याच्या मागून टेम्पो आला, त्यात बुंदीचे खोके होते. नानांनी ते उतरवून घेतले आणि 'आहेर' म्हणून घरात ठेवले.

जयराम थेट डाळीच्या बादलीकडे गेला आणि त्याने पळी उचलली. आमच्याकडे यजमान वाढतो. त्या पळीत बरंच काही होतं, हे तिथे सगळ्यांना समजत होतं. नानांनी शांतपणे त्याच्या हातातून पळी काढून घेतली.

"पाहुण्याने वाढायचं नसतं रे. बस."

"नाना, असं काय करता? लोकं काय म्हणतील?"

"लोकं जेवतायत. त्यांना टाइम नाय."

जयराम बसला. बसायला जागा उरली होती ती बुधाजी आणि गोदामाचा निळा शर्ट घातलेला खालच्या आळीतला आदेश यांच्यामध्ये. मग बुधाजीने विषय काढला.

"तुझ्या दुधात पाणी असायचं, जयराम. पण रोज यायचास. आता गाडी नाल्यावरून जाते न् काच वर."

"एसी असतो, बुधाजीभाऊ."

"हा, ते आमाला काय ठाऊक? गोजाबाईला वाटलं, रागावला."

आदेश भातात तोंड खुपसून हसला. जयरामही हसला, पण त्याआधी त्याने इकडेतिकडे पाहून घेतलं. पुढे दिपिका गोजाबाईजवळ बसली होती. मेंदीला पाणी लागू नये म्हणून हात वर धरले होते आणि गोजाबाई तिला घास भरवत होती, मधूनमधून "तोंड मोठं उघड, सासरी असं कोण भरवणार नाय," असं बजावत. सरिताने दोनदा भात घेतला. नाना पंगतीतून फिरत होते. जयरामच्या पत्रावळीपाशी ते थांबले आणि त्याने आडवा धरलेला हात बाजूला करून भाताचा मोठा ढीग वाढला.

"लाजू नको. पोटभर जेव. संध्याकाळी तुला आतबाहेर करायचंय."

संध्याकाळच्या लॉनवर काही बदलणार नव्हतं. पडदा होता तिथेच लागणार होता, आत मोठे पाहुणे, बाहेर वरची आळी आणि बाकीच्यांचं घरटी एक, असंच ठरलेलं होतं आणि तसंच झालं. आदेशला दुसऱ्या दिवशी पहाटेची पाळी होती. नानांच्या कणगीत किती तांदूळ उरला हे चंद्रकलाकाकींनी अजून कुणाला सांगितलेलं नाही.

पंगत उठली. जयराम हात धुऊन नानांजवळ आला आणि खालच्या आवाजात म्हणाला, "नाना, संध्याकाळी तुमी न् काकी, दोघंबी या."

"आपल्या खालच्या आळीला घरटी एक म्हणून सांगितलंय मी. तोंडाने तेच सांगितलं. माझ्या घराला वेगळं कसं?"

"मग तुमी तरी या."

नानांनी उत्तर देण्यासाठी टोपी सारखी केली, पण पातेल्याचा तळ खरवडणाऱ्या काकी मागे न बघताच म्हणाल्या, "ते नाय येत. मी येते. पहाटेपासून गावाला रांधलंय. गावातल्या सगळ्या चुली बंद झाल्या, माझीच तेवढी पेटत होती. आता रात्रीचं मी काय बघणार नाय." त्यांनी झारा खाली ठेवला. "थांब जरा, जयराम. लुगडं बदलून येते. मी चालत नाय येणार, सांगून ठेवते."

त्या आत गेल्या. जयराम मोटारीचा दरवाजा उघडा धरून उन्हात उभा राहिला. त्याला लॉनवरून फोन येत होते आणि तो प्रत्येकाला एवढंच सांगत होता की निघतोय, एक बाई यायच्यात. नाना एकेका पातेल्याचं झाकण उचलून, रात्रीपुरता भात कशात उरला आहे ते बघत होते.